कॉम्प्रेसरचं कार्ड बदलण्याआधी : उन्हाळ्यातल्या कंट्रोलर-फॉल्टचा माग कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा. जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये ३० एचपीचा, स्टार-डेल्टा स्टार्टरचा (मोटर आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेजवर नेणारा) स्क्रू कॉम्प्रेसर आहे. त्याच्या हवेवर कलर सॉर्टर (रंगावरून खराब दाणे वेगळे काढणारं मशीन) चालतो. एप्रिल लागल्यापासून दुपारी एकनंतर मशीन बंद पडतं. कंट्रोलरवर कधी 'डिस्चार्ज टेंपरेचर हाय' (बाहेर पडणारी हवा-तेल फार गरम) येतं, कधी 'टेंपरेचर सेन्सर फॉल्ट'. दोन वेळा तर स्क्रीन काळी होऊन कंट्रोलर आपोआप पुन्हा सुरू झाला. सर्व्हिसवाल्याचं म्हणणं, कार्ड (कंट्रोलरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलंय. बदलावं का?

भाऊ, अजून नको. या तीन तक्रारी एकाच कार्डाच्या असू शकतात, पण तसं क्वचित होतं. पहिली बहुधा खऱ्या गरमीची आहे, दुसरी सेन्सरची किंवा त्याच्या वायरची, तिसरी कंट्रोल सप्लायची (कंट्रोलरला मिळणाऱ्या विजेची). तिन्ही दुपारीच का येतात, तर उन्हाने तिघांनाही एकाच वेळी गाठलंय. कार्ड शेवटी तपासायचं. ते सगळ्यात महाग आहे आणि चुकीचं बसवलं तर परतही घेत नाहीत.

सुरुवात फॉल्ट हिस्टरीपासून करा. एल्जीचा न्यूरॉन असो, अ‍ॅटलास कॉप्कोचा इलेक्ट्रोनिकॉन असो, केझरचा सिग्मा कंट्रोल असो की एमएएम जातीचा चिनी कंट्रोलर, जुने फॉल्ट बहुतेक सगळे साठवतात. काही जण ट्रिपच्या क्षणाचं प्रेशर आणि तापमानही ठेवतात. नसेल ठेवत तर ऑपरेटरला वही द्या आणि दर १५ मिनिटांनी डिस्चार्ज तापमान लिहायला लावा. पाहायचं एवढंच, की आकडा चढला कसा. ९२, ९६, १०१, १०५ असा पाऊण तासात सरकत गेला असेल तर गरमी खरी आहे, कार्डाचा काही दोष नाही. ८८ वरून एका सेकंदात २०० वर किंवा उणे ५० वर उडाला असेल तर तेल आणि लोखंड इतक्या वेगाने तापूच शकत नाही, तिथे वायर तुटली किंवा शॉर्ट झाली. पीटी-१०० सेन्सर (तापमानाबरोबर ज्याचा ओहम वाढतो तो) तुटला (ओपन झाला) की आकडा वरच्या टोकाला जातो, शॉर्ट झाला की खालच्या. म्हणजे कंट्रोलरच सांगून मोकळा होतो, आपण ऐकत नाही.

आता खरी गरमी. बऱ्याच स्क्रू कॉम्प्रेसरना भोवतालची हवा ४५-४६ अंशांपर्यंत चालते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा बाहेरच ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, कॉम्प्रेसरची गरम हवा आतच फिरत असेल तर खोलीत ५० सहज होतं. थर्मल व्हॉल्व्ह (गरम तेल कूलरकडे वळवणारा) पूर्ण उघडला की त्यापुढे भोवतालचं तापमान जितकं चढेल साधारण तितकंच डिस्चार्जही चढतं. म्हणून ३५ अंशांच्या हवेत ९२ दाखवणारं मशीन ५० अंशांच्या खोलीत १०७ दाखवणार. अलार्म साधारण १०५ ला आणि ट्रिप ११० ला असते, म्हणजे फारशी जागा उरलेलीच नाही. थर्मामीटर भिंतीवर टांगू नका, कॉम्प्रेसरच्या कूलरच्या (तेल थंड करणाऱ्या जाळीच्या) हवा खेचणाऱ्या बाजूला टांगा. तो आकडाच मशीनला सोसावा लागतो.

डाळमिलमध्ये दुसरी गोष्ट भुशाची. तूर-हरभऱ्याचा बारीक भुसा आणि चुनी कूलरच्या पापुद्र्यांत शिरते, तेलाच्या वाफेने चिकटते आणि नमद्यासारखा थर बसतो. वरून कूलर स्वच्छ दिसतो, मागून बॅटरी धरली की उजेड आरपार येत नाही. हवा मारायची ती नेहमीच्या वाऱ्याच्या उलट दिशेने आणि २-३ बारच्या वर नको, नाहीतर फिन वाकतात. तेलकट थर असेल तर डीग्रीझर आणि पाणी, आणि त्याआधी मोटर व पॅनल प्लास्टिकने झाका. सोबत तेलाची पातळी (मशीन थांबवून, हवा उतरल्यावर दहा मिनिटांनी), तेलाचा फिल्टर आणि फॅन बघा. फॅनला वेगळी मोटर असेल तर तिचा ओव्हरलोड रिले ट्रिप होऊन बसलेला असू शकतो. त्याची तार कंट्रोलरला जोडलेली नसेल तर स्क्रीनवर फक्त 'टेंपरेचर हाय' दिसतं आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

पाण्याचा डेझर्ट कूलर खोलीत लावून बरेच जण वेळ मारून नेतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उपयोगी पडतो हे खरं, पण तोंड पॅनलकडे नको आणि जूनचा पहिला पाऊस पडला की बंद. दमट हवेत तो थंडावा कमी आणि पाणीच जास्त देतो. कायमचा उपाय कॉम्प्रेसरच्या कूलरच्या वर डक्ट बांधून गरम हवा शेडबाहेर काढणं हाच.

सेन्सरवर येऊ. हात घालण्याआधी मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावा आणि टाकीतलं प्रेशर शून्य होऊ द्या. कंट्रोल बंद असला तरी कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) वरच्या टोकांवर ४१५ व्होल्ट असतातच. तुमच्या मशीनवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) नाही, पण असलेल्यांनी सप्लाय काढल्यावर किमान दहा मिनिटं थांबावं. डीसी बसवर ५८० व्होल्टच्या आसपास असतात.

बहुतेक मशीनवर पीटी-१०० असतो. तो कार्डाच्या टर्मिनलवरून सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजा. शून्य अंशाला १००, ३० अंशाला १११.७, ४० ला ११५.५, ८० ला १३०.९, १०० ला १३८.५, ११० ला १४२.३. एका अंशाला सुमारे ०.३८५ ओहम. मशीन रात्रभर थंड असेल तर सेन्सर आणि खोलीचं तापमान जुळायला हवं. पीटी-१००० असेल तर हेच आकडे दहापट. थर्मिस्टर (दुसऱ्या जातीचा तापमान सेन्सर) असेल तर हिशोब वेगळा, आधी कंट्रोलरच्या पुस्तकात प्रकार बघून घ्या. तीन वायरचा पीटी-१०० असेल तर एकाच रंगाच्या दोन वायरमध्ये जवळजवळ शून्य, आणि दोन्हींपैकी कोणतीही तिसरीशी धरली की ११० च्या पुढे. एकाच रंगाच्या दोघींत दोन-तीन ओहम आले तर कुठेतरी जोड सैल आहे. दोन वायरच्या सेन्सरला लाइनमध्ये एक ओहम वाढला तरी स्क्रीन अडीच अंश जास्त दाखवते, ३ ओहम म्हणजे ८ अंश. मेमध्ये तेवढ्यावरच ट्रिप होते.

नुसता एकदा ओहम मोजून सेन्सर 'ओके' ठरवू नका. मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्याने वायर हलवावी : सेन्सरच्या गळ्याशी, जिथे ती बॉडीला टेकते तिथे, आणि पॅनलमध्ये शिरते तिथे. गरम बाजूचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. डाळमिलमध्ये उंदीर हे वेगळं प्रकरण. दाण्यासाठी येतात आणि वायर कुरतडून जातात, तीही केबल ट्रेच्या अशा कोपऱ्यात की बॅटरी घेऊनच दिसावी. सेन्सरची टोकं आणि मशीनची बॉडी यांच्यात मीटरने काहीच दाखवायला नको. काही किलो-ओहम दिसले तर सेन्सरमध्ये ओल किंवा तेल उतरलंय, तापल्यावर आकडा भटकणार.

कार्डाचा इनपुट बरा आहे का, हे पाहायला दोन रेझिस्टर पुरतात. १२० ओहम आणि १४० ओहम, एक टक्क्याचे मेटल फिल्म. मशीन बंद, फक्त कंट्रोल सप्लाय चालू. सेन्सरच्या जागी १२० लावला (तीन वायरच्या इनपुटला दोन समान टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडून) तर स्क्रीनवर ५२ च्या आसपास यावं, १४० ला १०४. रेझिस्टरच्या फरकामुळे ३-४ अंश इकडेतिकडे चालतील. दोन्ही आकडे बरोबर आले आणि दहा मिनिटं स्थिर राहिले तर कार्डाचं तापमान वाचणं उत्तम आहे. सेन्सरच्या फॉल्टसाठी कार्ड बदलायचा विषय तिथेच संपला.

हाच रेझिस्टर लावून मशीन 'तात्पुरतं' चालवणारेही आहेत. १३० ओहमचा एक तुकडा टर्मिनलमध्ये अडकवला की कंट्रोलर आयुष्यभर ७८ अंश दाखवतो. तेल कमी होवो, फॅन थांबो, तो ७८ च दाखवणार. सेपरेटर टाकीत (जिथे हवेतून तेल वेगळं होतं) आग लागण्याचा तो सरळ रस्ता आहे. सेन्सर मिळेपर्यंत मशीन बंद ठेवा, सॉर्टरपुरती हवा पिस्टन कॉम्प्रेसरवर किंवा भाड्याच्या मशीनवर काढा. सॉर्टरला कोरडी हवा लागते, तेव्हा ड्रायर वगळू नका.

प्रेशरची तक्रार तुम्ही केलेली नाही, तरी प्रेशर ट्रान्समीटर (प्रेशरचा आकडा कंट्रोलरला पाठवणारा सेन्सर) तपासून टाका. ४ ते २० मिलिअँपियरचा असतो, शून्य बारला ४. ०-१६ बारच्या ट्रान्समीटरला ७ बारवर बरोबर ११ मिलिअँपियर यायला हवेत. मीटर सीरिजमध्ये (वायर सोडवून तिच्या मधोमध) लावा, आडवा नाही. ३.६ च्या खाली म्हणजे वायर तुटली किंवा सप्लाय नाही. टाकीवरच्या घड्याळी गेजशी आकडा जुळत नसेल तर ट्रान्समीटर फेकण्याआधी त्याचं बारीक छिद्र बघा, तेल-पाण्याच्या चिकट्याने बुजतं. दोन ट्रान्समीटरच्या फरकावरून 'सेपरेटर बदला' सांगणाऱ्या कंट्रोलरवर तर हे हमखास करावं : मशीन थांबलेलं, हवा पूर्ण उतरलेली, दोघांनीही शून्य दाखवायला हवं. एक ०.६ वर अडकलेला असेल तर चांगला सेपरेटर भंगारात जाईल.

तिसरी तक्रार, स्क्रीन काळी होणं, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोक हिच्यावरूनच कार्डाला दोषी धरतात. कंट्रोलरला सप्लाय बहुधा पॅनलमधल्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरमधून येतो, समजा २४ व्होल्ट एसी. मुभा बहुतेक दहा टक्के, म्हणजे २१.६ ते २६.४. आता ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी टॅप (येणारी लाइन जिथे जोडतात ते टोक) ४१५ वर आहे आणि दुपारी लाइन ३६० वर बसली, तर कार्डाला मिळाले २०.८. त्याच क्षणी कॉन्टॅक्टरच्या कॉइलने खेचलं की अजून दोन व्होल्ट खाली, आणि कार्ड रीसेट. मीटरला 'मिन-मॅक्स' असेल तर प्रोब थेट कार्डाच्या टर्मिनलवर लावून (ट्रान्सफॉर्मरवर नाही) एक ते तीन वाजेपर्यंत ठेवा आणि मधे दोनदा मशीन चालू-बंद करा. स्टारवरून डेल्टाला जातानाचा झटका त्यात पकडला जातो. कमीतला आकडा २१.६ च्या खाली गेला तर आधी लाइनचा विचार : टॅप ४०० किंवा ३८० वर घेता येतो, पण रात्री लोड उतरल्यावर लाइन ४३५ होत असेल तर २४ चे २७ होतील, म्हणून दोन्ही वेळचं मोजूनच टॅप हलवा. एवढा चढउतार असेल तर कंट्रोलरपुरता छोटा स्टॅबिलायझर किंवा रुंद इनपुटचं एसएमपीएस (एसीचा स्थिर डीसी करणारा सप्लाय) हा बरा मार्ग, तेही कंट्रोलर डीसी घेत असेल तरच.

लाइन चांगली आणि कार्डावर मात्र कमी, असं असेल तर वाटेत कुठेतरी गळतंय. फ्यूज होल्डरचे सैल झालेले स्प्रिंग, एमसीबीचा स्क्रू, कॉमन वायरवर चार-चार टोकं कोंबलेलं टर्मिनल. कंपनाने हे सगळं ढिलं होतं, आणि उन्हात तापलं की संपर्क सोडतं. सप्लाय बंद करून एकेक स्क्रू घट्ट करा. काळवंडलेलं थिंबल कापून नवीन दाबा. इमर्जन्सी स्टॉपचा बंद राहणारा संपर्कही याच वेळी पाहा, त्यात भुशाची पूड गेली की कंट्रोलर कुणी न दाबताच 'इमर्जन्सी स्टॉप' दाखवतो.

रीसेट नेमकं कॉन्टॅक्टर किंवा सॉलेनॉइड (विजेने उघडणारा व्हॉल्व्ह) सुटतानाच होत असेल तर कॉइलची उलटी लाट कार्डात शिरतेय. एसी कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ही लाट गिळणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा, २३० व्होल्टच्या कॉइलला कपॅसिटर २७५ व्होल्ट एसीचा एक्स-टू जातीचा. डीसी कॉइलला १एन४००७ डायोड, पट्टी प्लसकडे. स्नबर मूळचा असेल तर तो सुकलेला असू शकतो. सेन्सरच्या वायर मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये बांधू नयेत. शील्ड एकाच टोकाला, पॅनलकडे, अर्थ करावी.

पॅनलच्या आतली उष्णता लोक विसरतात. दाराच्या जाळीचा फिल्टर भुशाने बुजलेला, पंखा बंद, बाहेर ५० अंश. मग आत ६० च्या पुढे. कार्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांनी साधारण निम्मं होतं. त्यांची डोकी फुगलेली, बुडाशी तपकिरी ओल दिसली तर तीन-चार उन्हाळे काढलेल्या कार्डाचा तो आजार आहे आणि जळगावात चांगला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाला १०५ अंशांचे, त्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे कपॅसिटर टाकून ते जिवंत करू शकतो.

मग कार्ड खरंच गेलं असं कधी म्हणायचं? टर्मिनलवर सप्लाय पूर्ण आणि स्थिर, तरी स्क्रीन मेलेली. किंवा ट्रान्समीटरसाठीचे २४ व्होल्ट निघत नाहीत, आणि ट्रान्समीटर सोडवल्यावरही निघत नाहीत. (सोडवल्यावर परत आले तर ट्रान्समीटर शॉर्ट होता, कार्ड नव्हे. ही चूक फार होते.) किंवा रेझिस्टरच्या चाचणीत आकडे नाचतात. किंवा स्क्रीनवर 'लोड' (हवा भरणं चालू) आहे, पण त्या रिलेच्या दोन टर्मिनलांत संपर्क जुळत नाही. शेवटच्यात फक्त रिले जळालेला असतो. तो बदलता येतो, मूळ कारण मात्र शॉर्ट झालेली सॉलेनॉइड कॉइल असेल तर नवाही जाईल. २४ व्होल्ट डीसी, ८ वॉटच्या कॉइलला ७२ ओहम यायला हवेत, २० आले तर कॉइल बदला. वळवाच्या पावसात वीज पडल्यावर सप्लायच्या तोंडाशी बसलेला व्हॅरिस्टर (जास्तीचे व्होल्ट स्वतःवर घेणारा भाग) काळा होऊन फुटलेला दिसतो. तो आपलं काम करून गेला, कार्ड वाचलेलं असू शकतं.

नवं कार्ड बसवायचंच ठरलं तर जुन्याच्या प्रत्येक पॅरामीटर पानाचा मोबाइलवर फोटो घ्या, चालू तास लिहून ठेवा. सगळ्यात धोकादायक पॅरामीटर ट्रान्समीटरची रेंज. ट्रान्समीटर ०-१६ बारचा आणि कार्डात १० टाकलं, तर खरे ८ बार झाले की स्क्रीनवर ५ दिसतील आणि मशीन सेफ्टी व्हॉल्व्ह उडेपर्यंत हवा भरत राहील. पहिल्या स्टार्टला नजर गेजवर आणि बोट इमर्जन्सी बटणावर हवं. मोटरचा ओव्हरलोडही बघून घ्या. ३० एचपीच्या मोटरला पूर्ण लोडवर सुमारे ४० अँपियर लागतात, पण ओव्हरलोड रिले स्टार-डेल्टाच्या आतल्या फेजमध्ये असेल तर सेटिंग २३ च्या आसपास हवं. तिथे ४० ठेवलं तर रिले असून नसल्यासारखा.

'फेज सीक्वेन्स' (तीन फेजचा क्रम उलटा) फॉल्ट महावितरणने लाइन किंवा ट्रान्सफॉर्मरचं काम केल्यावर येतो, किंवा फक्त डीजी सेटवर (डिझेल जनरेटरवर) येतो. हा क्रम तपासणारा रिले वगळू नका. स्क्रू काही सेकंद उलटा फिरला तरी एअरएंडला (हवा दाबणाऱ्या स्क्रूच्या भागाला) मार बसतो. दोन वायर अदलाबदल करायच्या त्या इन्कमरवर (पॅनलमध्ये लाइन येते तिथे), मोटरच्या टर्मिनलवर नाही. डीजीवरच चूक असेल तर चेंजओव्हरच्या डीजी बाजूला.

शेडमध्ये वेल्डिंग करायचं असेल तर अर्थची क्लिप कॉम्प्रेसरच्या फ्रेमला लावू देऊ नका, आणि मोटरला मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) मारताना कार्डाचे सगळे कनेक्टर काढून ठेवा. ५०० व्होल्ट कार्डात गेले तर मघाचा सगळा हिशोब वाया.

बोदवड-चोपड्याकडच्या जिनिंगवाल्यांना हाच प्रश्न दिवाळीच्या सुमाराला पडतो, कारण त्यांचं मशीन उन्हाळा-पावसाळा बंद असतं. पहिल्यांदा सप्लाय देण्याआधी पॅनल उघडून पाली, उंदरांची घरटी, कॉन्टॅक्टरमधली बुरशी साफ करा, कार्डाचे कनेक्टर एकदा काढून परत बसवा, आणि सगळे तापमान सेन्सर खोलीइतकंच तापमान दाखवतात का पाहा. कार्डावरचा ३ व्होल्टचा बटण सेल २.७ च्या खाली असेल तर बदला. तो मेला की कंट्रोलरचं घड्याळ चुकतं, आणि साप्ताहिक टायमर किंवा ऑटो-रीस्टार्ट चालू राहिला असेल तर मशीन भलत्याच वेळी, कुणाचा हात बेल्टगार्डमध्ये असताना सुरू होऊ शकतं. हे दोन्ही पर्याय आधी बंद करा, घड्याळ लावा, मग मेन वर करा.